सायकलचे दुकान आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

[मंडळाच्या वार्षिक संमेलनात सोलापूर येथे केलेले भाषण]



'आपल्या तरुणांनी स्वतंत्र व्यवसायात पडावे' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरे गिरवायला लावली. शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे व त्यावर शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण. भांडवल, व्याज, नफा-तोटा यांच्याशी माझा संबंध आला तो फळ्यावरच्या उदाहरणांपुरता. तेव्हा मोठमोठ्या उद्योगांविषयी मी बोलू लागलो तर ते शोभणार नाही. परंतु एक धंदा असा आहे की ज्याच्या दारात मी गिऱ्हाईक म्हणून जवळजवळ साठ वर्षे उभा राहिलो आहे. तो म्हणजे सायकलच्या दुकानाचा. त्या ओट्यावर उभे राहून जे दिसले, तेवढेच आपणांसमोर मांडतो.

सायकलचे दुकान हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या या सोलापूर शहराने सायकल हौसेपेक्षा पोटासाठी अधिक चालविली आहे. १८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे लोक 'जुनी मिल' म्हणू लागले. मागोमाग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. पूर्व भागात घरोघर हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. तेलुगु बोलणारे विणकर, कानडी मुलखातून आलेली कुटुंबे, मराठी कामगार, उर्दू बोलणारे कारागीर हे सारे भोंगा होण्याच्या सुमारास एकाच रस्त्याला लागत, आणि ज्याला जमले तो सायकलवरून निघे. माझे वडील मिलमध्ये साच्यावर होते. आमच्या घरात सायकलची जागा ठरलेली असे आणि खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर तिलाही झेंडूची माळ पडे. पोट भरण्याचे ते एक साधनच होते.

मिलच्या वाटेवर एक दुकान होते. दुकान कसले, चार पत्रे, एक लाकडी पेटी, पाण्याचे घमेले आणि भिंतीला टांगलेले टायर. पहिल्या पाळीच्या भोंग्यापूर्वी ते उघडे असे, कारण मालकाला ठाऊक होते की गिऱ्हाइकाला त्याची खरी गरज त्याच वेळी पडते. भोंगा चुकला तर खाडा, आणि खाडा पडला की पगारात खोट, हा कामगाराचा हिशेब. या दुकानदाराने दोन जुन्या सायकली मुद्दाम दुरुस्त करून ठेवल्या होत्या. ज्याचे काम वेळ खाणारे असेल त्याला तो म्हणे, "मालक, तुमचं चाक मी सांजपर्यंत बघतो. ही घ्या आणि आधी भोंगा गाठा की." त्या सायकलीचे भाडे तो घेत नसे. सायंकाळी गिऱ्हाईक परत येई, आपली सायकल घेई आणि दुरुस्तीचे पैसे देई. कोणी ती जुनी सायकल घेऊन पळाला, असे वडिलांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. ग्राहकसेवा हा शब्द त्या ओट्यावर कोणी उच्चारीत नसे. गिऱ्हाइकाचे काय अडले आहे ते ओळखावे आणि आधी ती अडचण सोडवावी, एवढे त्या माणसाला उमगले होते.

त्याच सुमारास, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. आज ती जवळपास दिसेनाशी झाली आहेत. चार आणे देऊन आम्ही मुले तासभर सायकल घेत असू, आणि सीटवर बसून पाय पुरत नसल्यामुळे मधल्या नळीखालून पाय घालून अर्धे अर्धे पायडल मारीत शिकत असू. त्यांतील एक दुकानदार वहीत नाव व वेळ लिहून घेण्यापूर्वी आमच्यादेखत दोन्ही ब्रेक दाबून पाही, चाक उचलून फिरवी आणि मगच सायकल हाती देई. समोर उभे असलेले गिऱ्हाईक दहा वर्षांचे पोर आहे, त्याला काय कळते, असे त्याने कधी मनात आणले नाही. तपासणी आमच्यादेखत झाल्यामुळे आम्हांलाही ती करण्याची सवय लागली. शिक्षक झाल्यावर मला कळले की त्या माणसाने आम्हांला एक धडा दिला होता.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. किराणा दुकानात तांदूळ मुठीत घेऊन पाहता येतो, कापडाच्या दुकानात पोत बोटांनी कळतो. सायकलच्या दुरुस्तीत मात्र खरे काम झाकलेले असते. मागच्या चाकाच्या हबमध्ये दोन बाजूंना दोन वाट्या असतात आणि आपल्या साध्या सायकलीच्या प्रत्येक वाटीत पाव इंची नऊ छर्रे बसतात. पुढच्या चाकाला प्रत्येक बाजूस तीन-सोळांश इंची दहा छर्रे लागतात. सायकल ओव्हरहॉलिंगला दिली म्हणजे हे सारे काढून, रॉकेलमध्ये धुऊन, झिजलेले बदलून, नव्या ग्रीसमध्ये बसवावयाचे असते. कारागिराने नवाच्या ऐवजी सात छर्रे घातले आणि वरून झाकण लावले, तर चाक त्या दिवशी फिरतेच. गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. महिना दोन महिन्यांनी चाक डुलू लागते, वाटीला चरे पडतात, आणि ज्याने हे केले त्याच्याचकडे तो भोळा माणूस पुन्हा पैसे घेऊन येतो. ज्याने नऊ घातले आणि ज्याने सात घातले, त्यांच्या दुकानांवरील पाट्या सारख्याच असतात. या दोहोंतला फरक जाणणारा माणूस त्या वेळी एकटाच असतो, आणि तो म्हणजे खुद्द कारागीर. म्हणून मी म्हणतो की दुकानदाराचा धर्म काय असतो हे पाहावयाचे असेल, तर ते अशा झाकलेल्या कामात पाहावे.

पंक्चरचेच उदाहरण घ्या. बेलफास्ट येथे राहणारे डनलॉप नावाचे एक पशुवैद्य होते. त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीसाठी हवेचे टायर तयार केले आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. चाकात हवा आली तसे बसणाऱ्याचे हाल कमी झाले, आणि त्याबरोबरच हवा भरणे व पंक्चर काढणे हा नवा धंदाही जगात जन्मास आला. आता आपल्याकडे पंक्चर कसे निघते पाहा. ट्यूब बाहेर काढून पाण्यात धरली की बुडबुडे दिसतात. जागा घासून, सोल्युशन लावून, ते किंचित वाळू देऊन ठिगळ दाबले की एक काम संपते. परंतु चांगला कारागीर तेवढ्यावर थांबत नाही. तो टायरच्या आतून सावकाश बोटे फिरवितो. आपल्या भागात बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि त्याचे टोक आतून जेमतेम लागते. तो काढला नाही तर घरी पोचेपर्यंत दुसरे पंक्चर होते. शिवाय सोलापूरचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला म्हणजे घाईने लावलेले ठिगळ सुटते. हे जाणणारा कारागीर उन्हाळ्यात सोल्युशन वाळण्यास पुरेसा वेळ देतो आणि "सायकल उन्हात लावू नका" असे बजावतो. त्या बोटे फिरविण्याचे व त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे तो घेत नाही. परंतु गिऱ्हाईक पुढच्या वेळी येते ते त्यांसाठीच.

माझ्या पाहण्यात असा एक कारागीर होता. मी सायकलचे मागचे टायर बदलावयास गेलो असता त्याने ते बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, हे अजून चार महिने चालतंय. पुढचं मागं टाकतो, मागचं पुढं. नवं टायर दिवाळीनंतर घ्या." मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून ते आधी झिजते. अदलाबदल केली की दोन्ही पुरतात. त्या दिवशी त्याने नव्या टायरची विक्री आपल्या हाताने घालविली. परंतु त्यानंतर त्याने जेव्हा जेव्हा 'हा भाग आता बदलावाच लागेल' असे सांगितले, तेव्हा मी एकदाही दुसरीकडे विचारावयास गेलो नाही. 'नको' म्हणण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याच्या 'हवे' या शब्दाला वजन येते.

येथे आपल्या महाराष्ट्रास अभिमान वाटावा असे एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. किर्लोस्करांचे नाव आज पंपांमुळे, इंजिनांमुळे जगात पोचले आहे. परंतु या उद्योगाचा उगम बेळगावातील सायकलच्या दुकानात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस गेले, परंतु रंग ओळखण्यात दृष्टिदोष आढळल्यामुळे तो मार्ग सुटला. यंत्रांच्या रेखाटनात त्यांचा हात बसला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. मुंबईत सायकली खरेदी करून ते बेळगावास आपले वडीलबंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवीत, आणि रामुअण्णा त्या विकीत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मानतो. ज्या साली डनलॉप यांनी पेटंट घेतले तेच हे साल.

त्या काळी सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये होती असे सांगतात. त्या रुपयाचे मोल लक्षात घेता हा केवढा खर्च होता याची कल्पना करावी. परंतु खरी अडचण किमतीपेक्षाही वेगळी होती. ज्याने जन्मात सायकल पाहिली नाही त्याला ती चालविता येणार कशी? म्हणून रामुअण्णा सायकल विकून थांबत नसत, गिऱ्हाइकाला ती चालविण्यास शिकवीत. या शिकवणीची फी पंधरा रुपये घेत असत असे नमूद आहे. फी घेतली म्हणून सेवेला कमीपणा येतो असे मी मानत नाही. सांगून, ठरवून, उघडपणे घेतलेला मोबदला हा प्रामाणिकच असतो. घेण्यासारखा बोध असा की गिऱ्हाइकाला वस्तू वापरता येईपर्यंत विक्री पुरी होत नाही, ही जाण त्या दोघा बंधूंपाशी होती. पुढे हेच घराणे लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. ज्यांनी लोकांना सायकल शिकविली त्यांनाच नांगराविषयीची भीती घालविण्याइतका धीर धरता आला, यात मला नवल वाटत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. एका शिक्षकाने काढलेले दुकान शिकवीत शिकवीत कारखान्यापर्यंत गेले, ही गोष्ट माझ्यासारख्या शिक्षकाला विशेष प्रिय आहे.

आता याच्या उलट एक अनुभव सांगणे भाग आहे. त्या दुकानाचे नाव मी घेणार नाही. कोणाची नालस्ती करण्यासाठी हे व्यासपीठ नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी सोलापूरजवळच्या एका खेड्यातील शाळेत होतो. शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी मुलांना पाच किलोमीटरवरील गावी जावे लागे आणि एस. टी. शाळेच्या वेळेला येत नसे. माझी एक हुशार विद्यार्थिनी सातवी पास झाली. तिच्या वडिलांना शेती नव्हती, मजुरी करीत. त्यांनी उसनवारी करून शहरातील एका मोठ्या दुकानातून मुलीला नवी सायकल आणली. महिना होण्यापूर्वीच पायडलचा दांडा खटखट वाजू लागला आणि एके दिवशी निखळला. दांडा ज्या पिनेने आसाला घट्ट बसतो ती कॉटर पिन सैल बसविलेली होती व चालवून चालवून चेपली होती. वडिलांनी सायकल टेम्पोत टाकून दुकानात नेली. "कंपनीकडून भाग येईल, मग बघू," असे उत्तर मिळाले आणि सायकल ठेवून घेतली गेली. ते दुसऱ्यांदा गेले, तेव्हा ज्याने सायकल घेतली तो नोकर रजेवर होता. तिसऱ्यांदा मी बरोबर गेलो. गल्ल्यावरील गृहस्थांनी आमच्याकडे न पाहताच सांगितले की विक्री झाल्यावर जबाबदारी कंपनीची. प्रत्येक खेपेस त्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडाली आणि तिकडे अठरा दिवस मुलीची शाळा बुडाली. सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. घरात आजी म्हणू लागली, "पोरीच्या जातीला एवढं लांब कशाला धाडायचं? देवानंच नको म्हटलं." बंधुभगिनींनो, एका कॉटर पिनेवर एका मुलीचे शिक्षण टांगले गेले होते. गल्ल्यावरील गृहस्थांस हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची त्यांस गरजही वाटली नाही.

आम्ही सायकल तशीच परत आणली. आमच्या फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा कारागीर पेटी मांडून बसे. त्याने जुन्या डब्यातून एक पिन काढली, कानशीने घासून बेताची केली, हातोडीने ठोकून बसविली, नट आवळला आणि स्वतः बसून सायकल रस्त्यावर फिरवून आणली. दहा मिनिटांचे काम. मग मुलीला म्हणाला, "बाळ, नवी सायकल पंधरा दिवस चालली की सगळे नट पुन्हा आवळावे लागतात. दर आठवड्याला येत जा, मी बघीन." ही गोष्ट विकणाऱ्याने विकतेवेळीच सांगावयास हवी होती. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेली, पुढे दहावीही झाली. तिच्या शिक्षणाचे श्रेय कोणी द्यावयाचे झाले तर त्यातला एक वाटा त्या लिंबाखालच्या माणसाला द्यावा लागेल.

कोणी म्हणेल, गुरुजी, याला कायदा आहे. आहे खरा, आणि तो येण्यापूर्वीपासून आपल्या महाराष्ट्रात ग्राहकांची चळवळ उभी होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो १९८६ साली, आणि त्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागता येते, वकिलावाचूनही मागता येते. प्रत्येकाने हा अधिकार जाणून घ्यावा, पावती जपून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तथापि कायद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. रोजंदारीवरचा माणूस एका पिनेसाठी तक्रार लिहावयास बसत नाही. तो मुकाट्याने दुसरे दुकान शोधतो किंवा मुलीला घरी बसवितो. हबमधील सात छर्रे कोणता अधिकारी मोजणार? जेथे कायदा पोचत नाही तेथे दुकानदाराची सदसद्विवेकबुद्धी पोचली पाहिजे. पुष्कळ दुकानांत ग्राहकाची थोरवी सांगणारे एक वचन गांधीजींच्या नावाने चौकटीत लावलेले असते. शोध घेणाऱ्यांना ते गांधीजींच्या लेखनात सापडलेले नाही. परंतु माझा अनुभव असा की चौकट भिंतीवर असो वा नसो, गिऱ्हाइकाला उत्तर देताना मालक मान वर करून पाहतो की नाही, यावरून त्या दुकानाची किंमत कळते.

यानंतर थोडे स्पष्ट बोलणार आहे, राग नसावा. आपल्या संमेलनांतून एक सूर नेहमी निघतो की ज्ञातीतील तरुणाने दुकान काढले म्हणजे ज्ञातिबांधवांनी तेथूनच खरेदी करावी. यामागील आपुलकी मी जाणतो. पहिल्या दिवशी नारळ फोडताना आपण सर्वांनी जावे, पहिली खरेदीही करावी. परंतु त्या तरुणाने या आधारावर दुकान चालवू म्हटले तर त्याचे अहितच होईल, असे माझे नम्र मत आहे. एक तर आपली संख्या ती किती! सायकलचे दुकान चालते ते सगळ्या पेठेवर. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. नात्यातले गिऱ्हाईक मुके असते. भाच्याने ट्यूब वाईट दिली तरी मामा बोलत नाही, लग्नकार्यात तोंड दाखवावयाचे असते. म्हणून मामा सोसतो, आणि पुढे हळूच दुसरीकडे जाऊ लागतो. दुकानदाराला आपली चूक कळतच नाही. जे गिऱ्हाईक तोंडावर तक्रार करते ते दुकानाचे हितकर्ते असते, आणि तशी तक्रार करण्याची मोकळीक परक्या माणसालाच अधिक असते.

मी ज्यांची उदाहरणे दिली त्यांच्यापैकी मिलच्या वाटेवरचे दुकानदार घरी उर्दू बोलत, टायरची अदलाबदल करणारे तेलुगु बोलत आणि लिंबाखालचे बाबा कानडीमिश्रित मराठी बोलत. सोलापुरातला चांगला कारागीर गिऱ्हाईक पाहून चार भाषांत बोलतो. त्यांच्यापैकी एकालाही मी जात विचारली नाही, व त्यांनीही मला विचारली नाही. आपल्या तरुणांनी दुकान काढावे ते या परंपरेत बसेल असे काढावे. ज्या दिवशी दुसऱ्या समाजाचे गिऱ्हाईक लांबची वाट वाकडी करून आपल्या मुलाच्या दुकानात येईल, त्या दिवशी मंडळाने त्याचा सत्कार करावा.

गिऱ्हाइकाचेही काही कर्तव्य असते, ते विसरून चालणार नाही. हॉटेलात चहाचे पैसे निमूटपणे देणारा मनुष्य उन्हात बसून पंक्चर काढणाऱ्याशी दोन-पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे दृश्य शोभादायक नाही. हातांना वंगण लागलेला मनुष्य अडाणी, असे समजून त्याला अरे-तुरे करण्याची खोडही आपल्यांतील सुशिक्षितांना आहे. मागच्या चाकाला चाळीस आणि पुढच्याला बत्तीस तारा असतात. त्या एकेक करून आवळीत, सोडीत, वाकडे झालेले चाक सरळ रेषेत आणणे ही विद्या आहे, आणि ती कोणत्याही पदवीइतकीच आदरास पात्र आहे. उधारी वेळेवर द्यावी, कबूल केलेल्या दिवशी सायकल न्यावी, काम चांगले झाले तर तसे बोलून दाखवावे. विश्वासाचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला तरच टिकतो.

आज काळ बदलला आहे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले. कामगारांच्या सायकलींची जागा मोटारसायकलींनी घेतली. १९५१ साली सोनपत येथे सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० रोजी. हाच दिवस जागतिक सायकल दिन म्हणून पाळला जातो. दैवाची विचित्र गती अशी की त्याच वर्षी महामारीच्या काळात देशात सायकलींची मागणी वाढली होती. आता मोबाइलवर बटण दाबले की सायकल खोक्यातून घरी येते. परंतु ती अर्धवट जोडलेली असते. हँडल सरळ करावयास, ब्रेक लावावयास, चाकाचा डोल काढावयास शेवटी माणूसच लागतो. किमतीच्या बाबतीत लहान दुकान त्या खोक्याशी स्पर्धा करू शकणार नाही, हे उघड आहे. त्याच्यापाशी जे आहे ते खोक्यातून येत नाही. गिऱ्हाइकाचे नाव, त्याची अडचण, त्याच्या सायकलीचा पूर्वेतिहास आणि बिघडले तर मी आहे हे आश्वासन, हे भांडवल पेठेतल्या दुकानदारापाशीच असते.

म्हणून या धंद्यात, किंबहुना कोणत्याही दुरुस्तीच्या धंद्यात, पडू इच्छिणाऱ्या तरुणांना मी थोडक्यात सांगतो. सायकल उघडण्यापूर्वी खर्च सांगा. मध्येच वाढणार असेल तर हात थांबवून विचारा. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या, म्हणजे झाकलेले काम उघडे होईल. जी वेळ द्याल ती पाळा, पाळता येत नसेल तर आधी कळवा. सायकल परत देण्यापूर्वी स्वतः बसून फेरी मारा. लहान मुले आणि मुली आल्या तर त्यांना आधी मोकळे करा, त्यांची शाळा असते. हवेचा पंप दाराबाहेर ठेवा आणि त्याचे पैसे मागू नका. नवी सायकल विकलीत तर पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावून नट आवळून द्या. यांतील एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीस एक विनंती. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, हे योग्यच आहे. त्या निधीतील एक लहानसा भाग हातांनी काम शिकणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी राखून ठेवावा, आणि त्यातून त्यांस पाने, पंप, हत्यारांची पेटी घेऊन द्यावी. त्या पेटीबरोबर अट एकच घालावी, की तिच्यातून निघणारे काम आपल्या आणि परक्या गिऱ्हाइकासाठी सारखेच असेल. कोणी पाहत नसताना वाटीत नऊच्या नऊ छर्रे घालणारी मुले या संस्थेतून निघाली, तर ज्ञातीचे नाव वेगळे सांगत फिरण्याची आपणांस गरज पडणार नाही.